एफ वनची शर्यत, लव्ह इज ब्लाइंडचा मंडप आणि एडिटचं टेबल

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारा कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकतो, गाड्यांचा नाद आहे. ब्रॅड पिटचा फॉर्म्युला वन शर्यतींवरचा ‘एफ वन’ हा पिक्चर त्याला आवडला, पण ग्रुपमधल्या रेसिंगवाल्यांनी ‘सगळं खोटं हाय’ म्हणून तो मोडीत काढला. घरी धाकटी बहीण नेटफ्लिक्सवर ‘लव्ह इज ब्लाइंड’ बघते आणि म्हणते, हे तरी खरं आहे, खरी माणसं आहेत. तिने आता आपल्याकडच्या एका डेटिंग शोसाठी ऑडिशनचा व्हिडिओ पाठवलाय. ‘ताई, तुम्ही एडिटर आहात. दोन्हीतलं खरं किती? आणि बहिणीला जाऊ द्यावं का?’

शेवटचं आधी. ‘जाऊ द्यावं का’ हा तुझा प्रश्नच नाही. ती सज्ञान आहे. जाताना तिने काय माहीत करून घ्यावं, ते खाली लिहिते.

मी संकलक. मुंबईत रिअ‍ॅलिटी शोच्या एडिट फ्लोअरवर बरीच वर्षं काढली, आता राजारामपुरीत स्वतःचं छोटं युनिट आहे. लग्नाच्या फिल्म्स, कारखान्यांचे व्हिडिओ, कार्टिंगच्या फेऱ्या, बैलगाडी शर्यती, जे येईल ते कापते. त्यामुळे या दोन्ही मालाची आतली शिवण मला दिसते. माझं मत सरळ आहे. पिक्चर खोटा आहे आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. शो बराचसा खरा आहे, आणि घोळ तिथेच आहे.

तर पिक्चर. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडावेत, कथा फुटणार आहे.

सनी हेज हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भीषण अपघातात एफ वनमधून बाहेर फेकला गेलेला ड्रायव्हर. त्याचा जुना सहकारी रुबेन, म्हणजे हाव्हिएर बार्देम, आता एपीएक्स-जीपी नावाच्या तळाला गेलेल्या संघाचा मालक आहे. तो सनीला परत आणतो. जोडीला जोशुआ पिअर्स हा तरणाबांड, फटकळ नवखा. ते काम डॅमसन इद्रिसने केलंय. दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की. जून २०२५ मध्ये पिक्चर आला आणि जगभर तुफान चालला.

मित्रांचे आक्षेप मला पाठ आहेत, आणि ते बरोबर आहेत. हंगेरीच्या शर्यतीत सनी मुद्दाम दुसऱ्यांना धक्के देतो, ट्रॅकवर तुकडे पाडतो, म्हणजे सेफ्टी कार बाहेर यावी. सेफ्टी कार आली की सगळ्या गाड्या तिच्यामागे एका रांगेत येतात, पुढच्याने मेहनतीने कमावलेलं अंतर पुसलं जातं आणि त्या वेळात टायर बदलून घेतले तर नुकसान कमी होतं. जोशुआला वर काढण्यासाठी सनी हा खेळ पुन्हा पुन्हा खेळतो आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. खऱ्या एफ वनमध्ये याचं काय होतं ते २००८ च्या सिंगापूर शर्यतीवरून कळतं. तिथे रेनो संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने ठरवून गाडी भिंतीवर घातली, सेफ्टी कार आली आणि त्याच संघाचा फर्नांडो अलोन्सो शर्यत जिंकला. पुढच्या वर्षी भांडं फुटलं, तेव्हा संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रिआतोरे आणि तांत्रिक प्रमुख पॅट सिमंड्स दोघांनाही संघ सोडावा लागला. खेळाच्या इतिहासातलं ते एक काळं पान आहे. पिक्चरमध्ये तीच गोष्ट हिरोची हुशारी होते.

शिवाय ड्रायव्हरच्या लायसन्सवर दंडाचे गुण चढतात. बारा महिन्यांत बारा गुण झाले की एक शर्यत घरी बसायचं. २०२४ मध्ये केव्हिन मॅग्नुसन असाच बाकूच्या शर्यतीला मुकला. त्या हिशेबाने सनी मोसमाच्या मध्यावरच गॅरेजमध्ये चहा पीत बसला असता.

मला जास्त खटकलं ते गाडीच्या बदलाचं. सनी तांत्रिक संचालक केटला सांगतो की गाडी एकटी पळायला नको, झुंजायला बनव. ही मागणी अडाणी नाही. पुढच्या गाडीने फाडलेली, गढूळ हवा मागच्या गाडीवर आली की तिच्या पंखांना पकड मिळत नाही, वळणात ती बाहेर सरकते, टायर तापतात. मागे राहून झुंजणं अवघड होतं ते यामुळे. हे कमी व्हावं म्हणून तर २०२२ मध्ये नियम बदलून गाडीच्या पोटाखालून वाहणाऱ्या हवेवर भर दिला गेला. पण पिक्चरमध्ये केट विचार करते, विंड टनेलची, म्हणजे गाडीवर वारा सोडून तपासायच्या बोगद्याची, दोन-चार दृश्यं येतात आणि नवी गाडी हजर! उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साधा पॅटर्न बदलून ट्रायल कास्टिंग पास करून घ्यायला किती खेटे पडतात हे ज्याने पाहिलंय, त्याला इथे हसू येणारच. आणि एफ वनच्या संघाला तर विंड टनेल किती वापरायचा याचीही मर्यादा आहे, वर वर्षाच्या खर्चालाही कमाल मर्यादा आहे.

एवढं सगळं मान्य करून मी पिक्चर थिएटरात दोनदा पाहिला. कारण शर्यतीची गोष्ट खोटी असली तरी त्यातला वेग खरा आहे, आणि पडद्यावर वेग आणणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

शिरोलीच्या पुलावरून एसटीने जाताना खिडकीतून बघ. जवळचा कठडा सपासप मागे जातो, लांबचा जोतिबाचा डोंगर जागचा हलत नाही. बसचा वेग तोच. पडद्यावरचा वेगही असाच जवळच्या वस्तूवर अवलंबून असतो. टीव्हीवर आपण शर्यत पाहतो ती बहुतेक लांबच्या स्टँडवरून, मोठ्या लेन्सने. ती लेन्स अंतर चेपून टाकते. ताशी ३०० किलोमीटरची गाडी तिच्यातून समोरून आली की जागेवरच फुगत गेल्यासारखी दिसते, पुढे येतच नाही. तोच कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, चाकाशेजारी बांधला की ताशी १२० सुद्धा अंगावर येतं.

बैलगाडी शर्यतींचे जे व्हिडिओ माझ्याकडे येतात त्यात हीच अडचण असते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून मैदानं पुन्हा भरली आणि प्रत्येक आयोजकाला ड्रोन हवा झाला. ड्रोनमधून गर्दी झकास दिसते, मैदानाचा आकार कळतो, पण बैल मुंग्यांसारखे चालतात. मालक येऊन म्हणतो, ताई, आमची जोडी तर वाऱ्यासारखी पळाली, मग व्हिडिओत अशी का? तेव्हा मी कुणीतरी दोरीजवळ गुडघ्यावर बसून मोबाइलवर काढलेला हलता, धुळीने भरलेला शॉट शोधते आणि त्यावर मैदान उभं करते. ड्रोन फक्त सुरुवातीला आणि निकालाला.

कोसिन्स्कीने हे गुडघ्यावर बसण्याचं काम अवाढव्य पैसे ओतून केलंय. सोनीबरोबर खास लहान कॅमेरे बनवून घेतले, गाडीवर ते बसवायच्या डझनभराहून जास्त जागा तयार केल्या, एका वेळी चार कॅमेरे चालवले. त्यातले काही लांबून वळवता येत होते. म्हणजे गाडी पळत असताना पिटच्या चेहऱ्यावरचा कॅमेरा न कापता समोरच्या वळणाकडे फिरतो. हा शॉट पाहून मी खुर्चीत सरळ बसले. कारण कट केला की प्रेक्षकाच्या मनात शंका येते: चेहरा स्टुडिओतला आणि रस्ता ट्रॅकवरचा असेल का? न कापता फिरलं की ती शंकाच उरत नाही. मान हलते, गाल थरथरतात, हेल्मेट डुगडुगतं, आणि ते त्याच गाडीत, त्याच क्षणी घडतंय हे डोळ्याला कळतं.

गाडी मात्र एफ वनची नव्हती. एफ टूच्या, म्हणजे एक पायरी खालच्या शर्यतीच्या, गाडीवर एफ वनसारखं दिसणारं अंग चढवलं होतं, आणि पिट व इद्रिस ती स्वतः चालवत होते. एफ टू एका लॅपला एफ वनपेक्षा दहा-बारा सेकंद मागे असते. हे ऐकून तुझे मित्र म्हणतील, बघ, परत फसवलं! पण पडद्यावर फरक कळला का? कळत नाही, कारण कॅमेरा कठड्याजवळ आहे. शिवाय पडद्यावरच्या सगळ्याच गाड्या नटांनी पळवलेल्या नाहीत. काही ठिकाणी खऱ्या शर्यतीच्या प्रक्षेपणातल्या खऱ्या संघांच्या गाड्या घेऊन त्यांच्यावर संगणकाने एपीएक्स-जीपीचा काळा-सोनेरी रंग चढवलाय. म्हणजे जिथे गाडी खरी तिथे रंग खोटा, आणि जिथे माणूस खरा तिथे गाडी खोटी. एडिटर म्हणून मी या हिशेबाला सलाम करते.

चित्रीकरण तर खऱ्या शर्यतींच्या आठवड्यातच झालं. २०२३ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला या संघाचं गॅरेज खऱ्या संघांच्या रांगेत उभं होतं आणि त्यांच्या दोन गाड्या खऱ्या ग्रिडच्या, म्हणजे शर्यत सुटायच्या रांगेच्या, शेपटाला लागल्या होत्या. दोन सत्रांच्या फटीत मिळतील तेवढ्या मिनिटांत सीन उरकायचा, मागे लाखाची गर्दी, रिटेक नाही. माझ्या मते पिटचा सगळ्यात चांगला अभिनय या घाईच्या सीनमध्ये आहे. हॉटेलातल्या निवांत, भावनिक सीनमध्ये तो फक्त ब्रॅड पिट आहे.

गाडीला कॅमेरा बांधण्याची कल्पना नवी नाही हे सांगायला हवं. जॉन फ्रँकेनहायमरने १९६६ च्या ‘ग्राँ प्री’मध्ये त्या काळचे धिप्पाड कॅमेरे गाड्यांवर चढवले होते. आजही तो पिक्चर बघताना पोटात गोळा येतो.

कमजोर काय? दोन गोष्टी. एक, कॉमेंट्री. मार्टिन ब्रंडल आणि डेव्हिड क्रॉफ्ट हे खरे समालोचक पूर्ण पिक्चरभर बोलत राहतात: आता सनी अमुक करतोय, आता जोशुआला तमुक करायला हवं. एफ वन न पाहिलेल्या प्रेक्षकासाठी हे आहे, कळतं मला. पण चित्र जे सांगतंय तेच कानात ओरडून सांगायचं म्हणजे स्वतःच्या कटवर विश्वास नसणं. दुसरी गोष्ट बायका. केट ही संघाची तांत्रिक संचालक आणि तिचं निम्मं काम सनीवर भाळणं. २०२५ मध्ये हास संघात लॉरा म्यूलर ही पूर्णवेळ रेस इंजिनिअर म्हणून रेडिओवर ड्रायव्हरला सूचना देत होती. खऱ्या जगात बाई रेडिओवर बसलीय आणि पिक्चरमध्ये ती बाल्कनीत. सिमोन अ‍ॅशली या अभिनेत्रीचं काम तर एडिटमध्ये जवळपास सगळंच उडालं. एखाद्या फ्रेममध्ये दिसते तेवढीच. आमच्या टेबलावर हे होतं. ज्या सीनशिवाय गोष्ट चालते तो जातो, मग त्यात कुणीही असो. पण सीन लिहितानाच पात्राला काम दिलं असतं तर तो कापायला कुणाचा हात धजला नसता.

असो. मुद्दा असा की पिक्चरने कितीही थापा मारल्या तरी प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असतं की सनी हेज नावाचा माणूस नाही. हा व्यवहार कोल्हापूरला नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा इथेच घडवला, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’त कीचकवध असा रंगवला की त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. वध खोटा होता हे सगळ्यांना ठाऊक, तरी लोकांच्या पोटात ढवळलं. कीचकाचं काम करणारा नट संध्याकाळी घरी जाऊन जेवला.

शोमधला माणूस घरी जातो तेव्हा वेगळं घडतं.

आता तुला एक मधला प्रकार सांगते, मग दोन्हींतलं नातं कळेल. नेटफ्लिक्सवर २०१९ पासून ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही एफ वनवरचीच मालिका आहे. माणसं खरी, शर्यती खऱ्या, अपघात खरे. २०२१ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेन या ड्रायव्हरने जाहीर सांगितलं की मी यांना मुलाखती देणार नाही, कारण नसलेली भांडणं यांनी दाखवली. काही काळ त्याने ते पाळलंही. त्याच्या तक्रारीत कुणी खोटं वाक्य लिहून दिल्याचा आरोप नव्हता. खरी वाक्यं, खरे चेहरे, पण एकमेकांशेजारी अशा जागी ठेवलेले की त्यातून तिसरंच काही उभं राहतं. जो पुढे जगज्जेता झाला, ज्याच्याकडे वकील आहेत, कोट्यवधी चाहते आहेत, त्यालाही तेव्हा नकाराचंच हत्यार काढावं लागलं.

‘लव्ह इज ब्लाइंड’ची रचना तुझ्या बहिणीला पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगते. मुलं-मुली वेगवेगळ्या बंद खोल्यांत बसतात, मध्ये भिंत, एकमेकांचा फक्त आवाज ऐकू येतो. न बघता लग्नाची मागणी घालायची, मग भेटायचं, सहलीला जायचं, एकत्र राहायचं, आणि साधारण महिनाभरात मंडपात उभं राहून हो किंवा नाही सांगायचं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. पहिल्या सीझनमधली लॉरेन आणि कॅमेरॉन ही जोडी शो संपल्यावरही वर्षानुवर्षं टिकली, त्यामुळे हे सगळं नाटक आहे असं म्हणता येत नाही.

स्क्रिप्ट असते का? माझ्या अनुभवात संवाद कुणी लिहून देत नाही. गरजच नसते. फोन काढून घेतलेला, बाहेरच्या जगाशी संबंध नाही, झोप अपुरी, दारू हाताशी, आणि दिवसातून अनेकदा खुर्चीत बसवून कुणीतरी मायेने विचारतंय, ‘तो तिच्याशी इतका वेळ बोलत होता, तुला कसं वाटलं?’ अशा अवस्थेत माणूस जे बोलतो ते कुठल्याही लेखकाला सुचणार नाही. स्टोरी प्रोड्यूसर नावाच्या माणसाचं हेच काम. शूटच्या वेळी तो प्रश्न विचारतो, नंतर आमच्याकडे कागदावर गोष्ट मांडून देतो: अमुक एपिसोडमध्ये हिचा संशय वाढतो. मग तो वाढवायचा कशाने, ते आम्ही शोधायचं.

शोधायचं म्हणजे काय, ते सांगते, कारण हे बघायला शिकलास की बहिणीशी भांडायची गरज उरणार नाही, दोघं मिळून पकडाल.

पहिलं, उसना चेहरा. कुणीतरी काहीतरी बोलतं आणि कट होऊन दुसरीचा चेहरा दिसतो, भुवया चढलेल्या. ती भुवई त्या वाक्यावर चढली असेलच असं नाही. कुणाला तरी जांभई आली, उन्हाने डोळे बारीक झाले, लाइटवाल्याकडे रागाने बघितलं, सगळं आमच्या बिनमध्ये, म्हणजे शॉट ठेवायच्या फोल्डरमध्ये, साठवलेलं असतं. कानातले, केसांचा भांग, मागची सावली बघ. एका वाक्यात सावली डावीकडे आणि पुढच्या चेहऱ्यावर उजवीकडे असेल तर समजून घे.

दुसरं, जोडलेलं वाक्य. याला आम्ही फ्रँकनबाइट म्हणतो. मुलाखतीतल्या दोन-तीन ठिकाणचे तुकडे शिवून एक वाक्य करायचं. ते ओळखायची खूण सोपी आहे. वाक्य सुरू होताना माणूस दिसतो, मध्येच चित्र जातं हातावर, समुद्रावर, पाठमोऱ्या डोक्यावर, आणि आवाज चालू राहतो. तोंड दिसत नसताना ऐकलेल्या वाक्यावर कधीही पूर्ण विश्वास ठेवू नकोस. हेडफोन लावलास तर खोलीचा आवाजही बदललेला कळेल. एसीची घरघर मधेच तुटते.

तिसरं, ताणलेली शांतता. ‘तू माझ्यावर प्रेम करतोस का?’ याला मुलाने दोन सेकंदांत हो म्हटलेलं असतं. आम्ही मध्ये तिचा चेहरा टाकतो, त्याचा गिळलेला आवंढा टाकतो, पुन्हा तिचा चेहरा, खाली घुमणारा सूर लावतो, तो एकदम बंद करतो, आणि मग हो. एकही शब्द न बदलता मुलगा कचरतोय असं वाटायला लागतं. माझ्या मते तिन्हींत हाच सगळ्यात विषारी प्रकार, कारण याला कुणी पकडू शकत नाही. मुलालाही स्वतःला आठवत नाही की तो किती वेळ थांबला होता.

आणि ‘लव्ह इज ब्लाइंड’मधले ते सोनेरी पेले! सगळे जण कायम त्या धातूच्या पेल्यातूनच पितात. आत किती उरलंय ते दिसत नाही, म्हणजे कुठला कट कुठेही जोडा, पेला भरलेला-रिकामा होत नाही. आमच्यासाठी याहून मोठं वरदान नाही. मुंबईत अशा पेल्यांसाठी मी नवस केला असता.

यातूनही खरं निसटून येतंच. २०२५ मधल्या आठव्या सीझनमध्ये सारा मंडपात बेनला नाही म्हणाली. त्याच्या चर्चची समलिंगी लोकांबद्दलची भूमिका काय, समाजात जे चाललंय त्यावर त्याचं मत काय, हे तिने विचारलं होतं आणि तो नीट उत्तर देऊ शकला नव्हता. तिला सारख्या विचारांचा जोडीदार हवा होता. तो प्रसंग मी एडिटरच्या नजरेने दोनदा पाहिला आणि मला त्यात फारशी शिवण सापडली नाही. लांब शॉट, दोघं एका फ्रेममध्ये, वाक्यं पूर्ण. आपल्याकडे बघायच्या कार्यक्रमात पगार, गुंठे आणि मंगळ विचारतात, हा प्रश्न कोण विचारतं? या एका प्रसंगासाठी मी त्या सीझनला पास करते. बाकी निम्मे एपिसोड पुढे ढकलत बघितलेस तरी चालेल.

तुला वाटेल, ताई, तुम्ही लग्नाच्या फिल्ममध्ये हेच करता की. करते! नवरीच्या आईने पाठवणीला पुसलेले डोळे मी हळदीच्या गाण्यावर लावते. मामाचं हसू दुसऱ्याच कुणाच्या भाषणावर टाकते. पण फिल्म देण्याआधी घरचे बघतात, ‘हे काढा, काकूंना आवडणार नाही’ म्हणतात, मी काढते. कटवर शेवटचा हात ज्यांची गोष्ट आहे त्यांचा असतो. शोमध्ये स्पर्धक आपली गोष्ट सगळ्या जगाबरोबर बघतो, कधी शूट झाल्यावर कित्येक महिन्यांनी. तोवर सही होऊन गेलेली असते.

म्हणूनच सनी हेजला कितीही शिव्या घाला, त्याला लागत नाहीत. शोमधल्या मुलीला लागतात. २०२५ च्या ‘लव्ह आयलंड यूएसए’मध्ये तर सीझन चालू असतानाच शोला प्रेक्षकांना जाहीर विनंती करावी लागली की स्पर्धकांना छळू नका. ब्रिटनमधल्या मूळ ‘लव्ह आयलंड’च्या दोन माजी स्पर्धकांनी २०१८ आणि २०१९ मध्ये आयुष्य संपवलं. प्रत्येक वेळी कारण एकच होतं असं कुणी म्हणू शकत नाही, पण त्यानंतर वाहिनीला स्पर्धकांच्या मानसिक काळजीचे नियम कडक करावे लागले.

पैशाचंही बघ. ‘लव्ह इज ब्लाइंड’च्या एका स्पर्धकाने २०२२ मध्ये खटला भरला: दिवसदिवस राबवून घेतलं आणि कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी दिलं. २०२४ मध्ये चौदा लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या कामगार मंडळाच्या कार्यालयाने भूमिका घेतली की हे स्पर्धक म्हणजे कर्मचारीच आहेत, त्यांचे करार बेकायदा कलमांनी भरलेत. प्रेम शोधायला आलेल्यांना कामगार म्हणणं ऐकायला विचित्र वाटतं, पण एडिट फ्लोअरवर बसलेल्या कुणालाही वाटणार नाही. पडद्यावर तासभर दिसायला त्यांनी कितीतरी तास कॅमेऱ्यासमोर काढलेले असतात. आम्हाला पगार होता, कॅमेरामनला होता, पेले धुणाऱ्यालाही होता.

आता बहिणीसाठी.

करार आला की तो वकिलाला दाखवायचा, ओळखीच्या ‘मीडियातल्या’ माणसाला नाही. आपल्याकडे शहाजी लॉ कॉलेजातून शिकून गेलेले वकील काय कमी आहेत? चार कलमं आधी वाचायला सांग: शो मधेच सोडला तर दंड किती, तिची प्रतिमा किती काळ आणि कुठे कुठे वापरणार, शोबद्दल बोलायला किती वर्षं बंदी, आणि ‘स्पर्धकाचं चित्रण काल्पनिक किंवा बदनामीकारक असू शकतं’ अशा अर्थाची ओळ आहे का. ही ओळ बहुतेक असतेच. ती काढून मिळणार नाही, पण आहे हे तिला माहीत असावं. प्रसारणानंतर समुपदेशक कोण देणार आणि किती महिने, ते लेखी घ्या. दिवसाचे पैसे विचारायला लाजू नये.

मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर एक गोष्ट तिने डोक्यात पक्की ठेवावी, कारण ही फक्त एडिटरच सांगू शकतो. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ वापरून वाक्य बोलायचं नाही. ‘मला ती अजिबात आवडत नाही’ हे वाक्य मी कुठल्याही मुलीच्या फोटोवर चिकटवू शकते. ‘काल रात्री जेवताना अमुक माझ्यावर हसली ते मला आवडलं नाही’ हे वाक्य कुठेच हलवता येत नाही. त्यात नाव आहे, वेळ आहे, प्रसंग आहे. उपरोधाने बोलायचं नाही, कारण कागदावर उपरोध उतरत नाही आणि गोष्ट कागदावर ठरते. प्रोड्यूसरने अर्धं वाक्य तोंडात दिलं, ‘म्हणजे तुला फसवल्यासारखं वाटलं, ना?’, तर ते पूर्ण करायचं नाही. स्वतःच्या शब्दांत पहिल्यापासून बोलायचं. आणि चिडली असेल तर बाथरूममध्ये जाऊन बसायचं. माइक तिथेही चालू असतो, एवढं लक्षात ठेवून.

तुझं काम शो लागेल त्या आठवड्यात आहे. तिचे अकाउंट्स कोण सांभाळणार ते आधी ठरवा, पासवर्ड तिच्याकडे त्या दिवसांत नको. कमेंटना तू उत्तरं देत बसू नकोस, कोल्हापुरी पद्धतीने तर मुळीच नको. त्याचे स्क्रीनशॉट तिच्याच नावाने फिरतात. आईवडिलांना पहिला एपिसोड ती घरात नसताना बघू देऊ नका.